हप्ता गेल्यावर हातात काय उरतं?

राहत्या घरावर उत्पन्नातला किती वाटा खर्च व्हावा, हा या वेळचा विषय. आलेल्या प्रश्नांपैकी सात निवडले आहेत. ज्या हिशेबात व्याजदर वेगळा सांगितलेला नाही, तिथे तो साडेआठ टक्के धरला आहे. तुमचा दर वेगळा असेल तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

प्रश्न : आम्ही दोघं नोकरी करतो. हातात येणारा पगार माझा ५४ हजार, पत्नीचा ३८ हजार. सध्या २२ हजार भाडं भरतो. मांजरीला बांधकाम चालू असलेल्या इमारतीत ६० लाखांचा टू बीएचके पसंत केला आहे. बँक ४८ लाख द्यायला तयार आहे. उत्पन्नाच्या ४० टक्क्यांपर्यंत हप्ता चालतो, असं सगळे सांगतात. खरं आहे का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : हे टक्के आले कुठून, ते आधी पाहू. नेहमी ऐकू येणारा ३० टक्क्यांचा नियम अमेरिकेतला. तिथल्या सरकारी घरांत राहणाऱ्या गरीब भाडेकरूंचं भाडं उत्पन्नाच्या २५ टक्क्यांवर जाऊ नये, अशी तरतूद सिनेटर एडवर्ड ब्रूक यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये झाली. १९८१ मध्ये ती मर्यादा ३० टक्के केली गेली. म्हणजे तो भाड्याचा नियम आहे, वीस वर्षं चालणाऱ्या हप्त्याचा नव्हे. बँकेच्या ४०-५० टक्क्यांचा अर्थ आणखी वेगळा. एवढा हप्ता आपल्याला वसूल करता येईल, इतकंच बँक त्यातून सांगते. तुमच्या आईवडिलांची औषधं, मुलांची फी, गावाकडच्या घराची डागडुजी तिच्या हिशेबात नसते.

आता तुमचे आकडे. करारनाम्याची किंमत ६० लाख. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा किमतीच्या ८० टक्क्यांची आहे, म्हणून ४८ लाख. उरलेले १२ लाख तुमचे. पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क या किमतीत धरता येत नाही, ते पूर्ण खिशातून जातं. पुणे महापालिकेच्या हद्दीत सगळे अधिभार धरून मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत मिळते आणि ६० हजार वाचतात. दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही. नोंदणी शुल्क ३० हजार. बांधकाम चालू असल्याने ५ टक्के जीएसटी, ३ लाख. म्हणजे १२ लाख नव्हे, साडेएकोणीस लाख हवेत. शिवाय ताबा देताना बिल्डर एक ते दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ घेतात, आणि पडद्यांपासून ओट्यापर्यंतचा खर्च वेगळाच. किंमत ५० लाखांच्या वर आहे म्हणून १ टक्का टीडीएस कापून तुम्हालाच सरकारजमा करावा लागेल. ही जादा रक्कम नाही, बिल्डरला द्यायच्या पैशांतूनच कापायची आहे. पण मुदत चुकली तर व्याज आणि विलंब शुल्क तुमच्या माथी येतं.

बहुतेकांचा हिशेब खरा चुकतो तो ताबा मिळण्याआधीच्या काळात. बँक कर्ज टप्प्याटप्प्याने देते आणि दिलेल्या रकमेवर लगेच व्याज घेते. २४ लाख दिले की महिन्याला १७ हजार व्याज, वर २२ हजार भाडं. झाले ३९ हजार. पूर्ण ४८ लाख देऊन झाले आणि ताबा अजून नाही, तर व्याज ३४ हजार आणि भाडं २२ हजार, मिळून ५६ हजार. ९२ हजारांतले हे ६१ टक्के झाले! यातला एक रुपयाही मुद्दल फेडत नसतो. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची पूर्णत्वाची तारीख असते. ती बघा आणि आपल्या हिशेबात तीत किमान एक वर्ष मिळवा. ताबा लांबला तर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआर दरावर (बँक स्वतःच्या निधीच्या खर्चावरून ठरवते तो कर्जाचा आधारदर) २ टक्के मिळवून व्याज मागण्याचा हक्क आहे, पण तो पैसा तक्रार, सुनावणी, आदेश आणि वसुली एवढं झाल्यावर हातात येतो. महिन्याच्या खर्चाला त्याच्यावर विसंबू नका. करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, हेही पक्कं लक्षात असू द्या.

ताब्यानंतर ४८ लाखांचा वीस वर्षांचा हप्ता ४१,६५५ रुपये येतो. मेंटेनन्स साडेतीन हजार धरा. मालमत्ता कर, घराचा विमा आणि किरकोळ दुरुस्ती मिळून महिन्याला दीड हजार. बेरीज ४६,६५५, म्हणजे उत्पन्नाच्या जवळजवळ ५१ टक्के.

म्हणून आम्ही हिशेब उलट्या बाजूने करायला सांगतो. टक्क्यापासून सुरुवात करू नका, घरखर्चापासून करा. किराणा, दूध, भाजी, गॅस, वीज, शाळा, पेट्रोल, मोबाइल, औषधं, आईवडिलांना पाठवायचे पैसे यांची यादी लिहा. वर्षातून एकदाच येणारे खर्च विसरले जातात: गाडीचा विमा, शाळेची वर्षाची फी, दिवाळी, लग्नकार्यांचे आहेर, गावी जाणं-येणं. त्यांची बेरीज करून बाराने भागा आणि महिन्यात मिळवा. समजा हे ४३ हजार झाले. बचतीचे १० हजार बाजूला ठेवा. ९२ मधून ५३ वजा जाता राहिले ३९ हजार, आणि हे राहत्या घरावरच्या सगळ्या खर्चाला मिळून. त्यातून मेंटेनन्स वगैरेचे पाच हजार काढले की हप्त्याला ३४ हजार उरतात.

वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी लाखाला ८६८ रुपये हप्ता पडतो. ३४ हजारांत ३९ लाख बसतात. दर एक टक्क्याने वाढला तर लाखाला ९३२ रुपये, मग फक्त साडेछत्तीस लाख. तुम्हाला पेलणारं कर्ज ३६ ते ३९ लाखांचं आहे, ४८ चं नाही.

दुसरी परीक्षा एका पगाराची. बाळंतपण, आजारपण, नोकरीतली कपात, यांपैकी काहीही झालं आणि पत्नीचा पगार सहा महिने थांबला, तर ५४ हजारांतून ४१,६५५ गेल्यावर १२,३४५ उरतील. तेवढ्यात तुमचं घर चालणार नाही. हप्ता ३४ हजार असता तर २० हजार उरले असते. ओढाताण तेव्हाही झाली असती, पण सहा महिन्यांचे हप्ते मुदत ठेवीत असतील तर तेवढा काळ निघून जातो.

तुमच्या जागी आम्ही भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं, ५० लाखांच्या आसपासचं तयार घर शोधलं असतं. त्यावर जीएसटी नाही, भाडं आणि व्याजाचा दुहेरी भार नाही. कर्ज ३९ लाख, खिशातले ११ लाख, मुद्रांक शुल्क साडेतीन लाख आणि नोंदणीचे ३० हजार, मिळून १४ लाख ८० हजार लागतात. पुनर्विक्रीचं असेल तर सोसायटीचं हस्तांतर अधिमूल्य महापालिका हद्दीत २५ हजारांहून जास्त मागता येत नाही. त्याहून मोठी रक्कम 'देणगी' म्हणून मागितली तर लेखी मागणी मागा. विकणाऱ्याची थकबाकी नसल्याचा सोसायटीचा दाखला मात्र व्यवहाराआधीच घ्या.

प्रश्न : सरकारी पाहणीत शहरी कुटुंबांच्या खर्चात घरभाड्याचा वाटा साडेसहा टक्क्यांच्या आसपास असल्याचं वाचलं. आमच्याकडे भाड्यातच तिसरा हिस्सा जातो. आकडा चुकीचा आहे का?
— एक वाचक, औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आकडा बरोबर आहे, पण तो तुमच्यासाठी नाही. २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत ही सरासरी सगळ्या शहरी कुटुंबांची आहे, आणि त्यांत स्वतःच्या घरात राहणारे खूप आहेत. त्यांचं भाडं शून्य. गृहकर्जाचा हप्ता हा उपभोग खर्च मानला जात नाही, म्हणून तोही यात येत नाही. त्याउलट ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ पायावरील मालिकेत शहरी भागासाठी घराचा भार २१.६७ टक्के होता, कारण तिथे स्वतःच्या घराचं मानीव भाडंही, म्हणजे तेच घर भाड्याने घेतलं असतं तर पडलं असतं ते, धरलं होतं. एकाच देशातले हे दोन आकडे, मोजायची रीत निराळी म्हणून इतके लांब. यांच्याशी स्वतःची तुलना करून हळहळू नका.

प्रश्न : आम्ही बदलापूरला ९,५०० रुपये भाड्याने राहतो. दोघांचीही ऑफिसं विक्रोळीला, मिळून हातात ६८ हजार येतात. मुलगा चार वर्षांचा, पाळणाघरात असतो. भांडुपला वन बीएचके २३ हजारांना मिळतोय. साडेतेरा हजारांची उडी घ्यावी का? प्रवासाचे पास, स्टँड आणि शेअर रिक्षाचे आमचे ३,६०० जातात, पाळणाघराच्या जादा तासांचे २,५००, आणि उशीर झाला की बाहेरून आणलेल्या पोळीभाजीचे तीनेक हजार.
— एक वाचक, बदलापूर

उत्तर : घराचा पत्ता जो खर्च करायला लावतो, तो घराचाच खर्च. तुम्ही दिलेले तिन्ही आकडे भाड्यात मिळवा: ९,५०० अधिक ९,१००, म्हणजे १८,६००. उत्पन्नाच्या १४ टक्के वाटत होते ते २७ टक्के झाले. भांडुपला प्रवास आणि किरकोळ खाणं १,७०० धरलं तर २४,७००, म्हणजे ३६ टक्के. तफावत साडेतेरा हजारांची नाही, ६,१०० ची आहे.

त्यात घर बदलण्याचा खर्च घाला. दलाली एक महिन्याचं भाडं आणि टेम्पो-हमाली आठ हजार धरले तर ३१ हजार होतात. करार ११ महिन्यांचा केलात आणि मालकाने पुढे नाही म्हटलं, तर हे ३१ हजार महिन्याला २,८०० पडतात. ३६ महिन्यांचा केलात तर ८६०. म्हणून भाव करताना भाड्यातले पाचशे कमी करण्यापेक्षा करार तीन वर्षांचा मिळवण्यावर जोर द्या आणि दरवर्षीची वाढ करारातच लिहून घ्या. दलाल ११ महिन्यांचाच आग्रह धरतील, कारण दर नूतनीकरणाला त्यांना पुन्हा काही मिळतं.

तफावतीचे ६,१०० आणि हे ८६० मिळून सात हजार झाले. आता या सात हजारांत मिळतं काय ते बघा. विक्रोळीला जलद गाडी थांबत नाही, म्हणजे बदलापूरहून जलद गाडी पकडली तरी ठाण्याला किंवा घाटकोपरला उतरून धीमी पकडावी लागते. कल्याणच्या पुढे मार्ग कर्जत आणि कसारा असा फुटतो, त्यामुळे एक गाडी हुकली की पुढचीची वाट लांबते. भांडुपहून विक्रोळी दुसरं स्टेशन. दारापासून दारापर्यंत प्रत्येकाचे जाताना एक आणि येताना एक असे दोन तास वाचतात, असं धरू. दोघांचे महिन्याच्या २५ दिवसांत १०० तास. तासाला ७० रुपये पडले. चार वर्षांच्या मुलाच्या घरात आम्हाला हा सौदा स्वस्त वाटतो, पण एका अटीवर: २४,७०० गेल्यावर उरणाऱ्या ४३ हजारांत तुमचा बाकीचा खर्च आणि थोडी बचत बसली पाहिजे. नसेल बसत तर डोंबिवली-कळव्याकडे बघा. कल्याणच्या अलीकडे आलात तरी गाड्यांची संख्या बरीच वाढते.

प्रश्न : जुलै २०२१ मध्ये ३० लाखांचं गृहकर्ज ६.७५ टक्के बदलत्या दराने, २० वर्षांसाठी घेतलं. हप्ता २२,८११ होता, नंतर २४,०७६ झाला. उताऱ्यावर आता शेवटचा हप्ता २०५२ चा दिसतो! तेव्हा मी ७१ वर्षांचा असेन. चूक झाली आहे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : चूक नाही, पण फार महाग पडणारी गोष्ट घडली आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला. हिशेब सोपा ठेवण्यासाठी धरू या की पहिल्या वर्षानंतर तुमचा दर एकदम अडीच टक्क्यांनी वाढून सव्वानऊ झाला. तेव्हा शिल्लक होती २९ लाख २६ हजार. त्यावर महिन्याचं नुसतं व्याज २२,५५९. जुन्या हप्त्यातून मुद्दलात जमा होणार फक्त २५२ रुपये. त्या गतीने कर्ज फिटायला ४९ वर्षं लागली असती. तेवढी मुदत बँकेला देता येत नाही, म्हणून तिने मुदत ३० वर्षांपर्यंत ताणली आणि हप्ता जेमतेम बाराशे-तेराशेने वाढवला. तुम्हाला वाटलं, थोडक्यात निभावलं.

त्याच वेळी हप्ता २७,३०० केला असता तर कर्ज २०४१ लाच संपलं असतं आणि पुढे एकूण ६२ लाख २४ हजार भरले असते. २४,०७६ च्या हप्त्याने ३० वर्षांत ८६ लाख ६७ हजार होतात. महिन्याला सव्वातीन हजार वाचवण्याची किंमत २४ लाख.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये यावर नियम केला. दर बदलल्यावर हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे ठरवण्याचा पर्याय कर्जदाराला द्यायचा; व्याजही पूर्ण वसूल होत नाही इतकी मुदत ताणायची नाही; आणि दर तिमाहीला किती मुद्दल, किती व्याज, किती हप्ते शिल्लक याचं विवरण द्यायचं. तुम्हाला संदेश आला असेल आणि उत्तर न दिल्याने मुदत वाढली असेल, असं बऱ्याच कर्जदारांच्या बाबतीत झालं आहे.

आता करायचं काय? २०२५ मध्ये रेपो दर चार टप्प्यांत सव्वा टक्क्याने उतरून सव्वापाचवर आला. तुमचा दर ८ टक्क्यांवर आला असं धरलं तर २०२५ च्या अखेरीस शिल्लक साधारण २८ लाख ५२ हजार येते. साडेचार वर्षांत जवळजवळ १२ लाख ८५ हजार भरून मुद्दल दीड लाखाने कमी झालं आहे. इथून दोन वाटा फुटतात. बँकेने दर उतरल्यावर हप्ता कमी करून २१,६२५ केला तर कर्ज २०५२ पर्यंतच चालेल. हप्ता २४,०७६ च ठेवायला सांगितलंत तर तेच कर्ज २०४५ च्या मध्यावर संपेल. एकही जादा रुपया न भरता सात वर्षं वाचली. हप्ता २६,८०० केलात तर पुन्हा मूळच्या २०४१ वर याल.

शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या: हप्ता अमुक ठेवावा, मुदत त्याप्रमाणे कमी करावी. सोबत नवीन परतफेड तक्ता मागा आणि त्यावरची शेवटची तारीख वाचूनच उठा. नव्या ग्राहकांना बँक काय दर देते तेही विचारा. तुमचा दर त्याहून अर्धा टक्का जास्त असेल तर रूपांतर शुल्क भरून तो कमी करून घेता येतो. कर्ज बँकेचं नसून गृहवित्त कंपनीचं असेल तर मात्र रेपो उतरला म्हणून दर आपोआप उतरत नाही, कारण आपला दर रेपोसारख्या बाहेरच्या मापदंडाला जोडण्याची सक्ती बँकांना आहे, या कंपन्यांना नाही. तिथे मागणी करावीच लागते, किंवा कर्ज दुसरीकडे हलवावं लागतं. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड नाही, त्यामुळे बोनसचे वीस-पंचवीस हजारही निर्धास्त भरा. भरताना 'मुदत कमी करा' असं लिहायला विसरू नका.

प्रश्न : निवृत्त आहे, पेन्शन ३८ हजार. घर स्वतःचं, कर्ज नाही. तरी मेंटेनन्स ६,९०० वरून ८,२०० होणार आणि मालमत्ता कराचे वर्षाला चौदा हजार. सोसायटी चौरस फुटावर आकारणी करते, आमचा फ्लॅट मोठा. हे योग्य आहे का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : मेंटेनन्स आणि कर मिळून महिन्याला ९,३७० च्या घरात जातात. पेन्शनचा पाव हिस्सा. पेन्शनीत घराचा हिशेब हप्ता फिटला म्हणून संपत नाही, ही जाणीव लोकांना उशिरा होते.

आधी नोंदणी प्रमाणपत्र बघा. त्यावर 'सहकारी गृहनिर्माण संस्था' असेल तर उपविधीप्रमाणे सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना समान असतं. रखवालदार, सफाई, कार्यालय, सामाईक वीज यात येतं. लिफ्टचा खर्चही समान. पाणी नळांच्या संख्येवर आणि आकारावर. फरक पडतो तो सिंकिंग फंड (इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव रक्कम) आणि दुरुस्ती निधीत, कारण ते फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर काढतात: सिंकिंग फंड वर्षाला किमान पाव टक्का, दुरुस्ती निधी किमान पाऊण टक्का. बांधकाम खर्च म्हणजे आजचा बाजारभाव नव्हे. तो १२ लाख असेल तर महिन्याला अनुक्रमे २५० आणि ७५० रुपये. सगळी रक्कम चौरस फुटावर लावत असतील तर वार्षिक सभेत उपविधीचा आधार देऊन हरकत नोंदवा. प्रमाणपत्रावर १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालची नोंद असेल, पुण्यात अशा इमारती पुष्कळ आहेत, तर अविभक्त हिश्श्याप्रमाणे आकारणी होते आणि तुमची हरकत टिकणार नाही.

दुसरा मुद्दा जीएसटीचा. सभासदाकडून महिन्याला साडेसात हजारांहून जास्त वर्गणी आणि संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांहून जास्त, या दोन्ही गोष्टी असतील तर १८ टक्के कर लागतो. ८,२०० चे ९,६७६ होतील. म्हणून सभेआधी खर्चाची फोड मागा. महापालिकेचा कर सोसायटीमार्फत भरला जात असेल तर तो या वर्गणीत न मिसळता वेगळा दाखवायला हवा. काही संस्थांची रक्कम तेवढ्यानेच मर्यादेच्या आत येते.

मालमत्ता करात, स्वतः राहत असलेल्या घराला पुणे महापालिकेची ४० टक्के सवलत आहे. बिलात ती दिसत नसेल तर पीटी-३ अर्ज भरून द्या.

एक मात्र सांगावंसं वाटतं. दुरुस्ती निधी कमी करायची मागणी लावून धरू नका. पंधरा वर्षांपुढच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि तिशी ओलांडलेल्या इमारतीची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करायची असते. तिच्यात खांब-तुळयांचं काम निघालं आणि निधी नसला, तर प्रत्येक फ्लॅटकडून एकरकमी लाख-दोन लाख मागितले जातात. पेन्शनीतून महिन्याला साडेसातशे देणं त्यापेक्षा सोपं.

प्रश्न : मीरा रोडला १६ हजार भाडं आणि ५० हजार डिपॉझिट असा फ्लॅट आहे. मालक म्हणतो, १२ लाख डिपॉझिट द्या, तीन वर्षं भाडं नको. घ्यावं का?
— एक वाचक, मीरा रोड

उत्तर : कागदावर हे स्वस्त दिसतं. जादा साडेअकरा लाखांवर ७ टक्क्यांनी तुमचं व्याज बुडेल, महिन्याला ६,७००. म्हणजे भाडं १६ हजारांऐवजी ६,७०० पडलं. पण असा व्यवहार सहसा तोच मालक करतो ज्याला एकदम पैसे हवे आहेत, आणि तो का अडला आहे हे तुम्हाला माहीत नसतं. फ्लॅटवर गृहकर्ज असेल आणि त्याचे हप्ते थकले, तर बँक फ्लॅटचा ताबा घेते आणि तुमचे १२ लाख तिच्या वसुलीच्या मागे रांगेत उभे राहतात.

इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा) काढा, सर्साईच्या, म्हणजे तारण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीच्या, नोंदीत फ्लॅटवर बोजा आहे का पाहा, सोसायटीत थकबाकी विचारा. बोजा दिसला तर नको म्हणा, भाव कितीही चांगला असो. पुढे जायचंच असेल तर पूर्ण १२ लाख करारात लिहून, बँकेमार्फत देऊन, करार नोंदवा. लीव्ह अँड लायसन्सचं मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटच्या दरवर्षी १० टक्के, या बेरजेच्या पाव टक्का असतं. १२ लाखांवर तीन वर्षांचं ते ९०० रुपये येतं. डिपॉझिट कमी दाखवून यातलं काही वाचवण्यात अर्थ नाही. नोंदणी करण्याची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे, नोटरी केलेला कागद तिची जागा घेत नाही.

प्रश्न : माझा स्वतःचा टेम्पो आहे. कमाई कधी २५ हजार, कधी ८० हजार. १८ लाखांचं घरकर्ज १५ वर्षांसाठी साडेनऊ टक्क्यांनी मिळतंय. झेपेल का?
— एक वाचक, संगमनेर

उत्तर : हप्ता १८,८०० येईल. तुमच्या धंद्यात सरासरीवर हप्ता ठरवला की पावसाळ्यात अडतं. मागच्या २४ महिन्यांची नोंद काढा. प्रत्येक महिन्याच्या भाड्यातून डिझेल, टोल, ड्रायव्हर-हमाल आणि टेम्पोचा हप्ता वजा करा. टायर, विमा, फिटनेस, इंजिनकाम यांचा वर्षाचा खर्च बाराने भागून तोही वजा करा. जे उरेल ते उत्पन्न. आता सर्वांत वाईट सहा महिने निवडा आणि त्यांची सरासरी काढा. ती ३१ हजार असेल आणि घरात १९ हजार लागत असतील, तर हप्ता १२ हजारांच्या आत हवा. १५ वर्षांसाठी साडेनऊ टक्क्यांनी लाखाला १,०४४ पडतात, म्हणजे साडेअकरा लाखांचं कर्ज.

उरलेल्या साडेसहा लाखांसाठी दोन चांगले हंगाम थांबा, किंवा घर लहान बघा. चांगल्या महिन्यातली जादा कमाई वेगळ्या खात्यात टाका. त्यात सहा हप्ते कायम राहिले पाहिजेत. नंतर जे वर येईल ते थेट मुद्दलात भरा.

हप्ता थकला तर काय होतं, तेही माहीत असावं. पहिल्या दिवसापासून खात्यावर खूण होते, ९० दिवस उलटले की ते अनुत्पादित, म्हणजे बुडीताकडे झुकलेलं, ठरतं आणि नंतर सरफेसी कायद्याखाली (तारण मालमत्ता जप्त करून वसुली करण्याचा बँकांचा कायदा) ६० दिवसांची नोटीस येऊ शकते. थकण्याआधी शाखेत गेलात तर हप्त्याची तारीख बदलून मिळण्यासारख्या गोष्टी होतात. खरं तर तारीख सुरुवातीलाच नीट निवडा. व्यापारी तुमचे पैसे महिन्याच्या ७-८ तारखेला देत असतील तर हप्ता ५ तारखेला ठेवू नका, १० किंवा १५ मागून घ्या. पैसे असूनही दोन दिवसांच्या फरकाने हप्ता परत गेला, की बँकेचा दंड पडतो आणि पतअहवालात ती नोंद राहते.